पाण्याला दिलेले कागद

फरीबुर्झच्या प्रदर्शनाचं नाव होतं ‘अर्थमुक्त’. उस्ताद हशमत जरनिगार गझ मिठाईचा डबा बगलेत मारून जुल्फा मोहल्ल्यातल्या त्या गॅलरीत शिरले, तेव्हा पहिल्याच चित्रासमोर एक दाढीवाला समीक्षक चार मुलींना समजावून सांगत होता की इथे अक्षराने अर्थाचा जाच झुगारून दिलेला आहे. इथे काहीही लिहिलेलं नाही, इथे फक्त असणं आहे.

उस्तादांनी चष्मा पुसला, चित्राकडे पाहिलं आणि वाचलं. ‘नासेर गाढव आहे.’

लहान, मोठं, आडवं, उलटं, एकावर एक, कागदाचा पांढरा ठिपका उरू नये इतक्या वेळा. नासेर म्हणजे उस्तादांचा मेहुणा. तो गाढव आहे हे उस्तादांनी पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका दुपारी साडेतीन तास बसून, स्वतःच्या बोरूने लिहिलं होतं. आता त्या कागदाला चहाच्या पाण्याचा रंग दिलेला होता, तो कॅनव्हासवर चिकटवलेला होता, वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका होता आणि खाली सही होती फरीबुर्झची.

सुलेखन करणाऱ्याला, तो शिकाऊ असो की उस्ताद, रोज हात फिरवावा लागतो. पैलवानाच्या जशा बैठका. एकच ओळ घ्यायची आणि कागद चारी बाजूंनी फिरवत तीच लिहीत जायची, कागद काळा होईपर्यंत. याला सियाह मश्क म्हणतात. तेहरानवाले याला चौकटी करतात, खाली सह्या करतात. तेहरानवाले काय, काहीही करतात. पण हशमत ज्यांच्या हाताखाली शिकले त्या मीर्झा खलीलांच्या घराण्यात काळा कागद म्हणजे घाम. घामावर कुणी सही करत नाही. वर्षभराचे काळे कागद नवरोजच्या आधी, घराघरांत झाडलोट निघते त्या दिवसांत, वाहत्या पाण्यात धुवायचे. शाई काजळी आणि डिंकाची, कागद खळ लावून घोटलेला. पाच मिनिटांत सगळं उतरतं आणि कागद पुन्हा लिहायला मोकळा. नळाखाली मात्र धुवायचं नाही. न जाणो एखाद्या ओळीत देवाचं नाव आलं असेल, ते गटारात जायला नको.

मीर्झा खलील म्हणत, “बोटांत जे साचलं असेल ते लिहा आणि पाण्याला द्या. पाणी चुगली करत नाही.” बाकीचे शिष्य हे ऐकून मान डोलवत आणि मुकाट्याने जुन्या कवींच्या द्विपद्या लिहीत. हशमतनी मात्र गुरूचा शब्द खाली पडू दिला नाही. तोंडाने ते कुणाला वावगं बोलत नसत. साऱ्या इस्फहानात त्यांच्या सौजन्याची ख्याती होती. ती कशावर टिकून होती ते फक्त नदीला माहीत होतं.

मग नदी आटली. झायंदेरूदच्या पात्रात, पुलाच्या कमानींखाली पोरं फुटबॉल खेळू लागली. तेव्हा पट्टशिष्य फरीबुर्झ म्हणाला होता, “उस्ताद, तुम्ही का काळजी करता? वर बाग-बहादुरानला अजून धरणाचं पाणी सोडतात. माझ्या डिकीत टाका, मी धुवून आणतो.” अकरा वर्षं तो नेत होता. आठवड्याने कोऱ्या कागदांचा गठ्ठा परत आणून देत होता. धुतलेला कागद इतका नव्यासारखा कसा निघतो याचं उस्तादांना दर वर्षी कौतुक वाटे. तो नवाच असे.

उस्ताद दुसऱ्या चित्राकडे गेले. ‘मुशीरी लिहितो त्यापेक्षा खेकडा बरा चालतो.’ मुशीरी म्हणजे शहरातल्या खत्तातांच्या, सुलेखनकारांच्या, मंडळाचे अध्यक्ष. तिसऱ्यात शेजारच्या तक्वाईने पुन्हा दारात गाडी लावली होती. चौथ्यात दातांच्या डॉक्टरचे हात झडले होते, निदान सहाशे वेळा. स्वतःच्या पोटातली घाण अशी ओळीने, प्रत्येकीवर वेगळा दिवा लावून टांगलेली पाहताना उस्तादांनी मिठाईचा डबा या बगलेतून त्या बगलेत घेतला. पण ते चित्र चौथं होतं. पाचवं समोरच्या भिंतीवर, एकटंच होतं, आणि सगळ्यात मोठं होतं.

ते वाचायला उस्तादांना जवळ जावं लागलं नाही. दर वर्षी मेहेर महिन्यात, मंडळाच्या परीक्षांचे निकाल लागले की ते हीच एक ओळ लिहीत. गेली सव्वीस वर्षं.

‘महलकाचा नून माझ्यापेक्षा चांगला होता. मी तिला नापास केलं.’

महलका म्हणजे त्यांची बायको. नून म्हणजे ते अक्षर ज्याची वाटी साधता साधता माणसाचे केस पिकतात. महलकाही मीर्झा खलीलांचीच शिष्या. सव्वीस वर्षांपूर्वी ती उस्तादीच्या परीक्षेला बसली. उत्तरपत्रिकांवर नाव नसतं, नुसता क्रमांक. परीक्षक तीन, आणि तिघांनीही पास म्हटलं तरच पास. दोघांनी म्हटलं. तिसरे होते हशमत, स्वतः उस्ताद होऊन जेमतेम दोन वर्षं झालेले. क्रमांकामागचा हात त्यांनी पहिल्या ओळीलाच ओळखला होता आणि चौथ्या ओळीतला नून पाहून त्यांना घाम फुटला होता. त्यांनी दोन गुण कमी दिले. मग घरी येऊन तीन दिवस तिची समजूत घातली, मंडळातले लोक कसे नालायक आहेत ते सांगितलं, चौकातून पिस्ते घातलेला गझ आणून भरवला. समजूत इतकी चांगली घातली की ती पुन्हा परीक्षेला बसलीच नाही. तेव्हापासून ती त्यांचे कागद घोटून देत होती, शाई उकळत होती आणि गुरुवारी मोहल्ल्यातल्या मुलींना बोरू धरायला शिकवत होती.

काळा कागद परक्याला वाचता येत नाही हे खरं. पण महलका परकी नव्हती. या हाताच्या ओळी तिच्याइतक्या कुणी पाहिलेल्या नव्हत्या. आज ती फक्त गुडघा दुखतो म्हणून आली नव्हती. प्रदर्शन बुधवारपर्यंत होतं आणि फरीबुर्झला तिने शब्द दिला होता की येईन.

फरीबुर्झ गर्दीतून वाट काढत आला, छातीवर हात ठेवून वाकला.

“उस्ताद, पायधूळ झाडलीत. तुमच्या पायाशी बसून शिकलो म्हणून हा दिवस.”

“इकडे ये,” उस्ताद म्हणाले आणि त्याला कोटांच्या खुंट्यांपाशी घेऊन गेले. “हे कागद तू धुणार होतास.”

फरीबुर्झने नजर खाली घातली. लाज वाटल्यासारखी, वाटलीही असेल.

“पहिल्या वर्षी गेलो होतो, उस्ताद. खोटं सांगत नाही. पाण्यात पाय सोडून बसलो, पहिला कागद हातात धरला. आणि धुववेना. इतकं देखणं काही मी कधी पाहिलं नव्हतं.”

“मग परत आणून द्यायचे.”

“तुम्ही दिले असते का ठेवायला?”

“नाही.”

“म्हणून नाही आणले.”

हा युक्तिवाद इतका सरळ होता की उस्ताद पुढच्या मुद्द्याकडे वळले. “आणि सही? यात तुझं काय आहे?”

“लाल ठिपका,” फरीबुर्झ म्हणाला. “आणि कल्पना. तुमच्यासाठी तो घाम होता, मी त्याच्यात चित्र पाहिलं. आजकाल याला फार किंमत आहे, उस्ताद. लिहिता कुणालाही येतं.”

अकरा वर्षं हा पोरगा त्यांच्या दस्तरखानावर जेवला होता. त्याच्या बापाच्या चाळिसाव्या दिवसाला कबरीवरचा दगड उस्तादांनी लिहून दिला होता. ‘विश्वासघात’ हा शब्द उस्तादांच्या ओठांवर आला, पण आजूबाजूला पत्रकार होते आणि सौजन्याची सवय जुनी होती.

“मी आत्ता सगळ्यांना सांगतो, हे माझे आहेत म्हणून.”

“सांगा ना,” फरीबुर्झ म्हणाला. त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती, उलट काळजी होती. “पण ते विचारतील, कशावरून? शाई तीच, बोरू तोच, हातही मी तुमचाच घेतलाय. सगळं शहर म्हणतं. एकच रस्ता आहे. ज्याने लिहिलं त्यालाच वाचता येईल. तुम्ही एकेक वाचून दाखवा, मी लगेच पाट्या बदलतो. अगदी आत्ता. कान पकडून माफी मागतो.”

उस्तादांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग मुशीरी आत शिरताना दिसले तिकडे पाहिलं.

“गझ आणलाय,” ते म्हणाले. “पिस्त्याचा आहे.”

घरी महलका सब्जी निवडत बसली होती. चेहरा पाहूनच तिने सुरी खाली ठेवली.

“काय झालं? मुशीरी भेटला का?”

उस्तादांनी ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. पण अन्याय झालेल्या माणसाला गप्प बसणं जड जातं, आणि अन्याय तर झालाच होता. त्यांनी कागदांचं सांगितलं. चहाच्या रंगाचं सांगितलं, लाल ठिपक्याचं सांगितलं. काय लिहिलंय ते सांगितलं नाही.

महलका ऐकत गेली तशी तिच्या नाकपुड्या फुलत गेल्या. “माझ्या हातचं कोरमे-सब्जी अकरा वर्षं खाल्लं त्याने. भाताच्या तळाची खरपुडी तुम्हाला न देता त्याला वाढायची मी. उद्या जाऊ. तुम्ही वाचून दाखवा, बघते कसा सही ठेवतो.”

“जाऊ दे. पोरगा आहे. क्षमा करावी.”

“कोणी?”

“मी.”

“तुम्ही?” महलकाने चष्म्यावरून पाहिलं. “तक्वाईशी नऊ वर्षं बोलला नाहीत तुम्ही. एका गाडीवरून.”

“वय होतं तसं माणूस मऊ होतो.”

“कधीपासून? सकाळी तर नव्हतात.”

शनिवारी उस्तादांच्या पोटात दुखू लागलं. महलकाने त्यांना खडीसाखर आणि पुदिन्याचा काढा दिला आणि उशाशी बसून राहिली, म्हणजे तो दिवस निभावला. रविवारी पोट बरं झालं, कारण सलग दोन दिवस काढा पिणं कुणालाच शक्य नव्हतं. सोमवारी ते एकटेच जुल्फ्याला गेले आणि गॅलरीच्या मालकीण मादाम आर्पिक यांना भेटले. आर्पिक सत्तरीच्या होत्या, सतत सिगारेट ओढत आणि तीन पिढ्यांचे चित्रकार त्यांनी जोखलेले होते.

“मादाम, ते समोरच्या भिंतीवरचं चित्र काढून ठेवा. प्रदर्शनात तेच जरा कच्चं आहे. गुरू म्हणून सांगतो.”

“लोक तर त्याच्याचसमोर उभे राहतात, उस्ताद. काल एक बाई रडली.”

“कोण बाई?” उस्तादांचा आवाज चिरकला.

“शिराझची होती. घटस्फोटित.”

उस्तादांनी श्वास सोडला. मग त्यांना एक युक्ती सुचली. “बरं, काढू नका. पण ते उलटं लागलंय. वरची बाजू खाली आहे. जाणकार हसतात.”

जाणकार हसतात म्हटल्यावर मादाम आर्पिक यांनी शिडी मागवली. उस्तादांच्या देखत चित्र उलटं टांगलं गेलं. उस्ताद समाधानाने जिना उतरले, आणि शेवटच्या पायरीवर त्यांना आठवलं की आपण कागद चारी बाजूंनी फिरवून लिहितो. उलटं काय, आडवं टांगलं तरी महलकाचा नून त्यांच्यापेक्षा चांगलाच राहणार होता.

मंगळवारी त्यांनी भाच्याच्या लग्नाचा विषय काढला, तिच्या गुडघ्यासाठी हाडवैद्य सुचवला, काशानला तिच्या बहिणीकडे चार दिवस जाऊन येण्याचा आग्रह केला. महलका सगळं ऐकून घेत होती आणि त्यांच्यासाठी कागद घोटत होती. गारगोटीचा घोटणा कागदावर एका लयीत सरकत होता.

“तुम्ही घाबरलाय,” ती शेवटी म्हणाली.

“कशाला घाबरू?”

“तेच बघायला जायचंय उद्या. मला वाटतं मी ओळखलंय. नासेरबद्दल काहीतरी लिहिलं असणार तुम्ही.”

उस्तादांच्या चेहऱ्यावर इतकं खरं आश्चर्य उमटलं की महलका हसली. “चौतीस वर्षं संसार केला. माझ्या भावासमोर तुम्ही किती गोड बोलता, त्यावरनंच कळतं. अहो, मला वाईट नाही वाटणार. पण स्वतःचा हात चोराला देऊन गप्प बसणं, हे मला नाही चालायचं. तुम्हाला लाज वाटत असेल तर मी वाचते.”

तिने घोटणा पुसून फडक्यात गुंडाळला. हे बोलताना तिच्या आवाजात जी माया होती तिच्यामुळे उस्तादांना जेवण गेलं नाही. त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर, असं नंतर त्यांच्या मनात पुष्कळदा आलं. त्या वेळी मात्र मनात एवढंच आलं की उद्या कदाचित गॅलरीतली वीज जाईल.

वीज गेली नाही. बुधवारी दुपारी गॅलरीत खुर्च्या मांडल्या होत्या, समारोपाचं भाषण मुशीरींचं होतं. ते अक्षर आणि शून्यता या विषयावर पंचवीस मिनिटं बोलले होते आणि शून्यतेपर्यंत पोचतच होते, तेवढ्यात महलका काठी टेकत पहिल्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

“माफ करा, आगा मुशीरी,” ती म्हणाली. “हे कागद माझ्या नवऱ्याचे आहेत. खळ मी लावलीय, घोटलेत मी, शाई माझ्या स्वयंपाकघरातली आहे. तो मुलगा ते धुवायला घेऊन गेला होता.”

खुर्च्या कुरकुरल्या. फरीबुर्झ पुढे आला. “खानुम, तुम्ही मला आईसारख्या. पण उस्ताद स्वतः काही म्हणत नाहीयेत. कुणी वाचून दाखवलं तर...”

“गप बस. वाचतेय.” आणि मुलींना शिकवताना करायची तशी, एकेक शब्दावर बोट ठेवल्यासारखी तिने सुरुवात केली. “नासेर. गाढव. आहे. हा माझा भाऊ. लिहिलंय ते बरोबर आहे, पण ‘नासेर’मधल्या ‘रे’ची शेपटी जरा घाईत ओढलीय.”

कुणीतरी हसलं. दाढीवाला समीक्षक पुढे सरकला, चष्मा वर करून पाहू लागला आणि त्याला एकदम ‘गाढव’ दिसलं. एकदा दिसल्यावर त्याला सगळीकडे गाढवच दिसू लागलं. महलका दुसऱ्या चित्राकडे गेली. तिथे किंचित घुटमळली, पण काम अर्धवट सोडायचा तिचा स्वभाव नव्हता. “आगा मुशीरी, इथे तुमचं नाव आहे. आणि खेकड्याचं. पुढचं वाचू का?”

मुशीरींनी पाण्याचा ग्लास उचलला. “नको. पुरावा पुरेसा आहे.”

आता लोक उघड हसत होते. उस्ताद मागच्या भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्याकडे वळून वळून पाहणाऱ्या चेहऱ्यांवर तिरस्कार नव्हता, कौतुक होतं. तक्वाईच्या गाडीला टाळ्या पडल्या. डॉक्टरला तर शिट्टी मिळाली. फरीबुर्झचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता, त्याने आणून दिलेल्या कागदांसारखा. पाच दिवस जे व्हावं म्हणून उस्ताद तळमळत होते ते सगळं डोळ्यांसमोर होत होतं.

“महलका,” ते म्हणाले. “पुरे आता. पटलं त्यांना.”

“एक राहिलंय,” ती म्हणाली. गुडघा विसरून ती समोरच्या भिंतीपाशी गेली होती. विजयाने तिचे गाल लाल झाले होते. “आणि हे कुणी उलटं लावलंय? असू दे. महलकाचा...”

स्वतःचं नाव पाहून ती थांबली. मग मान वळवून तिने उस्तादांकडे पाहिलं आणि लाजली. चौतीस वर्षांनंतर, पन्नास माणसांसमोर, ती लाजली. “महलकाचा नून,” तिने हळू वाचलं, “माझ्यापेक्षा चांगला होता.”

“वा,” मागून एक म्हातारा म्हणाला. “याला म्हणतात प्रेम.”

ती पुढचा शब्द शोधत होती. तो तिथे एकावर एक चढलेल्या ओळींत बुडालेला होता; तिने मान तिरपी केली, डोळे बारीक केले, मग बाजूच्या ओळीत तोच शब्द शोधला, तिसऱ्या ओळीत ताडून पाहिला. वाचनात चूक होत असेल तर ती आपलीच, असं ती मुलींना नेहमी सांगे. दोन-तीनदा ताडून झाल्यावर तिचे खांदे खाली आले. गॅलरीत कुणाला काही कळलं नाही. त्यांना वाटलं बाईंना वाचता येत नाहीये.

“मी तिला नापास केलं,” महलकाने वाचलं. आवाज तोच होता, एकेक शब्द सुटा. ओळ अर्धी सोडायची नाही हीदेखील मीर्झा खलीलांचीच शिस्त.

 मुशीरींना सव्वीस वर्षांपूर्वीचं काही आठवलं असावं. ते त्या परीक्षेतले दुसरे परीक्षक होते. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि मंडळाच्या अध्यक्षाला शोभेल अशा सुरात म्हणाले, “तर मग हे उस्ताद हशमत यांचंच लेखन आहे हे सिद्ध झालं.”

मादाम आर्पिक यांनी सिगारेट विझवली आणि पाट्या काढायला सुरुवात केली.

महलका उस्तादांच्या समोर येऊन उभी राहिली.

“किती गुणांनी?”

“दोन.”

“बाकीच्या दोघांनी पास केलं होतं.”

“हो.”

“तू तीन दिवस मला गझ भरवलास.” चौतीस वर्षांत तिने त्यांना कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. “मी रडत होते तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन त्यांना शिव्या दिल्यास. मला वाटायचं, एक हा तरी माझ्या बाजूने आहे.”

“म्हणून तर लिहीत होतो, महलका. दर वर्षी. मला झोप यायची नाही.”

“मला सांगितलं नाहीस. नदीला सांगितलंस.”

“नदी...” उस्ताद म्हणाले.

“आणि नदीही आटली तरी माझ्याकडे आला नाहीस. त्याच्या डिकीत टाकलंस.”

तिने मादाम आर्पिकना ते चित्र उतरवायला सांगितलं. आर्पिकनी विचारलंही नाही की कुणाच्या परवानगीने. कॅनव्हास अर्ध्या अंगाएवढा होता. महलकाने तो काखेत धरला, काठी दुसऱ्या हातात घेतली. फरीबुर्झ मदतीला धावला तेव्हा तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो दार उघडून नुसता उभा राहिला. टॅक्सी करून ती गेली.

खुर्च्या रिकाम्या झाल्यावर फरीबुर्झने दोन ग्लास चहा आणला आणि उस्तादांशेजारी बसला. रिवाजाप्रमाणे आधी तुम्ही, नाही आधी तू, असं तीनदा झालं. इतक्या दिवसांत उस्तादांनी या पोराला सुनवायला काय काय जुळवून ठेवलं होतं. विश्वासाने हातात दिलेली वस्तू, मीठ, भाकरी, गुरूचं ऋण. त्यातलं प्रत्येक वाक्य त्यांनी मनात उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

“मला खरंच ठाऊक नव्हतं काय लिहिलंय,” फरीबुर्झ म्हणाला. “मला वाटलं, शेर असतील.”

“अकरा वर्षांत वाचायला शिकला नाहीस.”

“तुम्ही फक्त लिहायला शिकवलंत, उस्ताद.”

उस्तादांनी साखरेचा खडा जिभेखाली धरला आणि चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाच्या कचेरीत अर्ज दिला की सव्वीस वर्षांपूर्वीचा एक निकाल दुरुस्त करावा. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

“उत्तरपत्रिका दहा वर्षांनी नष्ट करतात, उस्ताद. दुसरा काही पुरावा?”

“आहे. माझ्या हातचा आहे, लेखी.”

“मग जोडा ना.”

“माझ्याकडे नाहीये. बायकोकडे आहे.”

“मग खानुमना आणायला सांगा,” कारकून म्हणाला. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं.

महलका काशानला बहिणीकडे होती. उस्तादांनी फोन केला की मेहुणी उचलायची आणि म्हणायची, “ती शिकवतेय.” तेराव्या दिवशी महलकाने स्वतः उचलला. मागे मुलींची कुजबुज आणि बोरूंची करकर ऐकू येत होती.

उस्तादांनी अर्जाचं सांगितलं. कागद पाठव म्हणाले, मुशीरी सही द्यायला तयार आहे, एका महिन्यात तुला उस्ताद म्हणून जाहीर करतील.

“कागद मोकळा नाहीये,” महलका म्हणाली.

“म्हणजे?”

“वर्गात भिंतीवर लावलाय. मुलींना कित्ता हवा होता. हात तुझा चांगला आहे, त्याला नावं ठेवणार नाही मी. फक्त तो लाल ठिपका खरवडून काढला.”

“त्या... त्या ती ओळ लिहितात?”

“चौदा जणी आहेत. रोज चाळीस वेळा. नून अजून कुणाचा बसत नाही.” मग फोन बाजूला धरून ती कुणाला तरी म्हणाली, “वाटी खोल कर, अजून. ‘नापास’ नंतर बघू.”

फोन तसाच चालू होता. उस्ताद ऐकत राहिले. एका मुलीने शाई मागितली, दुसरी म्हणाली की तिचा कागद भरला. महलका म्हणाली, “फिरव आणि दुसऱ्या बाजूने लिही.”